अकराच्या अकरा

१९१२ साली कारखानीस पुण्यातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता. त्या मोसमात संघ पहिले चारही सामने हरला, कारण अकरा गडी कधी जमलेच नाहीत. कुणाची एकादशी, कुणाकडे श्राद्ध, आणि गोलरक्षक गुर्जर तर दर वेळी सासुरवाडीला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बजावलं, "एक तरी सामना जिंका, नाहीतर मैदान क्रिकेटवाल्यांना देतो."

शेवटच्या सामन्याला कारखानीसने घरोघर जाऊन अकराच्या अकरा गोळा केले. पण समोरच्या गोऱ्या पलटणीला सकाळीच नगरला जायचा हुकूम आला होता. पंचांनी कॉलेजला विजयी ठरवलं. मैदान वाचलं, पोरं नाचायला लागली.

कारखानीस मटकन खाली बसला. "वर्षभर तुम्ही आला नाहीत. आज तुम्ही आलात, तर ते नाहीत."

गुर्जर ओशाळला. "पुढच्या वर्षी एकही सामना चुकवणार नाही."

"पुढच्या वर्षी मी नसेन रे. मार्चमध्ये बी.ए. होऊन जाईन."

मग गुर्जरने चेंडू मधोमध नेऊन ठेवला. "ऊठ. आपल्या आपल्यात खेळू."

चेंडू दिसेनासा होईपर्यंत ते खेळले, आणि कारखानीस शेवटपर्यंत त्यांच्यावर ओरडत होता.