नकटी, ढोल्या आणि बाकीची मंडळी

माझी मावशी जंगलातून दुर्मीळ रानमांजरांची विष्ठा गोळा करते आणि लॅबमध्ये त्यातला डीएनए तपासते. ईऽऽ वाटतं ना? मलाही वाटायचं! आमचा बोका त्यांचा लांबचा चुलतभाऊ, म्हणून पाळीव मांजरांच्या डीएनएत सापडलेल्या, कोण कोणतं ते ओळखायच्या खुणा या रानमांजरांनाही लागू पडतात. यंदा जंगलाच्या कानाकोपऱ्यातून पिशव्या आल्या, तेव्हा मी खुशीत प्रत्येक पिशवीवर एकेका मांजराचं नाव लिहून टाकलं: नकटी, ढोल्या, झिपरी, रावसाहेब.

आज निकाल आला.

"मावशे, सगळ्यांच्या खुणा डिट्टो सेम! सख्खी भावंडं का गं?"

मावशीने चष्मा काढून ठेवला. "सख्ख्यांच्याही इतक्या जुळत नाहीत, बाळा."



तिने चारही पिशव्या एकत्र ठेवल्या. "मांजर एकच आहे. जोडीदार शोधत जंगलभर फिरतंय."