हद्दीचा दगड

कुंभारवाड्याच्या म्हादूकडं ठासणीची बंदूक होती, पण तिचा परवाना भातात शिरणाऱ्या जनावरांपुरता. बार काढायचा तो हद्दीच्या दगडाच्या आत. पलीकडचं रान सरकारचं. गेल्या साली त्याच्या भावानं, वासूनं, रानात अंगावर आलेलं अस्वल मारलं. जिवासाठी मारलं हे कुणी ऐकून घेतलं नाही, आणि वासू तुरुंगातच खंगून मेला.

त्या दुपारी दगडापलीकडं पाला गोळा करणाऱ्या म्हादूच्या बायकोवर, केशरवर, बिबट्यानं झडप घातली. म्हादूनं धावत जाऊन एका बारात त्याला लोळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आला. बिबट्या दगडापासून दहा पावलं आत, शेतात पडला होता.

"हितंच मारलास ह्याला?"

"व्हय, रावसाहेब."

"मग तुझ्यावर गुन्हा न्हाई." फौजदारानं कागदावर सही केली आणि घोंगडीखालच्या केशरकडं बघितलं. "बाई जाग्यावरच गेली?"

"व्हय," म्हादू म्हणाला.

* * *

आदल्या दुपारी बिबट्याचं ते धूड एकट्यानं आत ओढून, रक्ताचा माग तिनंच गोळा केलेल्या पाल्यानं झाकून होईपर्यंत, केशर दगडापलीकडं पाणी मागत होती.