अठरा मिलिमीटर

दोन दातेरी चकत्या बाकावर शेजारी शेजारी ठेवून धाकटी पट्टीनं त्यांची खोली मोजत होती, आणि इकडे थोरल्याच्या पोटात दुखत होतं.

गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. इंजिन जाम झालेलं. भंगारातून त्याच जातीचं, पण जरा मोठं इंजिन आणलं होतं. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, तो मात्र जुनाच ठेवायचा होता. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स, म्हणजे सगळी सोयरीक जुळवण्याचीच गोष्ट. आणि वडिलांनी ती सोपवली धाकटीवर.

"भोकं सारखीच आहेत, बाबा," ती म्हणाली. "पण नव्या इंजिनाचा क्रँक चार मिलिमीटर आखूड आहे. गिअरबॉक्सला जोडणारी जुनीच चकती लावू आणि मागे तेवढ्या जाडीची कडी घालू."

"शाबास!" वडील म्हणाले.

थोरल्यानं हातातलं फडकं पिळलं. पंधरा वर्षं तो या गॅरेजमध्ये राबत होता. त्यातली पहिली दोन तर नुसते बोल्ट धुण्यात गेली. इतक्या वर्षांत 'शाबास' हा शब्द त्याच्या वाट्याला आला असेल तो एकदा, आणि तोही वडिलांना ताप असताना. ही तीन वर्षांपूर्वी आली आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला लागली.

गेल्या काही महिन्यांत तर हद्दच झाली होती. वडील कुठलंही काम काढोत, शेजारी धाकटी हवीच. ती पाना धरणार आणि वडील ॲप्रनच्या खिशात हात घालून मालकासारखे बघत राहणार. गिऱ्हाइकाला चिठ्ठी लिहून द्यायचीही तिनंच. कधी दोघं आतल्या खोलीत दार लोटून कुजबुजत. थोरला आत शिरला की गप्प.

"माझ्यापासून काय लपवताय?" एकदा त्यानं विचारलंच.

"काही नाही रे," वडील म्हणाले. धाकटीनं मान फिरवली. गॅरेज तिच्या नावावर करायचं चाललंय, हे त्याला त्याच दिवशी कळून चुकलं.

कडी तयार होऊन आली. वडिलांनी थोरल्याला पाण्याचा पाइप आणायला धाडलं. जवळचं दुकान बंद, म्हणून तो लांबच्या दुकानात गेला आणि तासाभरानं परतला. तोवर कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये बसवून झाला होता. मोठ्या पातेल्यासारखा हा डबा. इंजिनाचा जोर तोच पुढे नेतो. तो आत ढकलत फिरवावा लागतो. तीनदा 'टक' वाजलं की बसला. दोनदाच वाजलं तर वरून बसल्यासारखा दिसतो, पण बसलेला नसतो.

धाकटी हाताचं तेल पुसत होती. वडील बाजूला उभे होते. चेहरा कसा खुललेला! पोरीचं कौतुक मावत नव्हतं.

"दादा," ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "जोडण्याआधी तू एकदा मोजशील?"

"का? तुला येत नाही मोजायला?"

"तू मोज ना. तुझी नजर पक्की आहे."

तोंडात साखर, त्याला वाटलं. तरी त्यानं गिअरबॉक्सच्या तोंडावर आडवी पट्टी धरली आणि कन्व्हर्टर किती आत गेलाय त्याचं माप घेतलं. अठरा मिलिमीटर हवे होते. भरले आठ.

त्यानं पुन्हा मोजलं. आठच. अजून एक 'टक' बाकी होतं. हातानं फिरवून दाबलं असतं तर दोन मिनिटांचं काम.

त्यानं वडिलांकडे पाहिलं. ते हसत होते.

"चोख आहे," थोरला म्हणाला.

"नक्की मोजलंस?"

"मोजलं म्हटलं ना! तू वर जाऊन वायरी जोड. खालचे बोल्ट मी आवळतो."

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात बोटभर फट राहिली होती. एरवी त्यानं कुणालाही अशी फट बोल्टनं ओढू दिली नसती. आज स्वतः ओढली. शेवटच्या बोल्टाला आतून बारीक करकर ऐकू आली. त्यानं दात आवळले आणि पाना आणखी पाव फेरा फिरवला.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. एका गावात म्हैस अडली होती, त्यांना तातडीनं निघायचं होतं. वडिलांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बसा, झालीच तुमची गाडी."

धाकटीनं किल्ली फिरवली. इंजिन कण्हत सुरू झालं, खालून फुटक्या भांड्यासारखा आवाज आला, आणि गाडीखाली लाल तेलाचं थारोळं पसरलं.

"गिअरबॉक्सचा पंप गेला," थोरला म्हणाला. "कन्व्हर्टर नीट बसवलाच नाही."

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बघत राहिल्या. धाकटी गाडीतून उतरली. तिनं थोरल्याकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, आता ही रडणार. पंधरा वर्षांचं साचलेलं सगळं त्याच्या तोंडातून बाहेर पडलं.

"कौतुकानं कुणी मिस्त्री होत नाही! ज्याला आपल्या हातांचा भरवसा नाही, त्यानं पान्याला शिवू नये. गुपचूप घरी बसावं. दुसऱ्यांच्या गाड्या कशाला नासवायच्या?"

धाकटीनं तोंड उघडलं. वडिलांनी मान हलवून तिला थांबवलं. मग तिथल्याच स्टुलावर ते हळूच टेकले.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "तिला नको बोलूस. गेले काही महिने माझ्या हातात पाना ठरत नाही. आज कन्व्हर्टर मी बसवला. 'दादा तपासेल' म्हणाली ही, म्हणून तर धीर केला."