बत्तिसावी सही

विदुला फायली घेऊन रेकॉर्डरूममधून बाहेर आली, तर अख्खा मजला ओस. पंखे फिरत होते, कपांत चहा तसाच होता. पॅसेजच्या वळणापलीकडे गेल्यावर तिला साहेबांच्या केबिनवर आगीचा लाल दिवा लुकलुकताना दिसला. विदुलाला ऐकू येत नाही म्हणून तो बसवला होता. पण आल्यागेल्याला दिसावा अशा जागी.

ती जिन्याकडे धावली. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मोकळ्या ऑफिसात चोरी नको, म्हणून शिपाई लावून गेला होता.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. सगळे रांगेत उभे होते आणि रजनी हजेरीच्या कागदावर सही करत होती. एक स्वतःची, लगेच दुसरी. विदुलाला उशीर झाला की मस्टरवर करायची, तशीच, सवयीने. विदुला काच बडवत राहिली. वर कोणी पाहिलं नाही.

अर्ध्या तासाने कुलूप निघालं तेव्हा कळलं, की ही नुसती तालीम होती.

संध्याकाळी अहवाल टाइप करायला तिच्याकडेच आला. रजनी शेजारी येऊन उभी राहिली आणि विदुलाला ओठ वाचता येतील इतक्या सावकाश म्हणाली, "चुकलं गं माझं. पण खरं लिहिलंस तर माझ्यावर चौकशी बसेल."

विदुलाने टाइप केलं: कर्मचारी बत्तीस, सुखरूप बाहेर बत्तीस.

खाली शेवटचा प्रश्न होता. आगीचा दिवा सर्वांना दिसतो का?

बत्तीसच्या बत्तीस बाहेर पडले होते. तिने 'होय' टाइप केलं.