पाहुणचार

तलाठी घर बघायला येणार, त्यावरच निराधार योजनेचा महिन्याचा पगार ठरणार, असा निरोप आला आणि एकट्या साळूबाईंची तारांबळ उडाली. सरकारी माणूस दारात येणार नि बसायला धड खुर्ची नाही! शेजारच्या रंजनाकडून त्यांनी खुर्ची आणली, टेबलपंखा आणला, फुलाफुलांच्या कपबशा आणि वाटीभर साखरही आणली.

तलाठी पंख्यासमोर ऐसपैस बसला. चहा भुरकत म्हणाला, "कसं काय चाललंय, आजी?"

दारी आलेल्या पाहुण्यापुढं रडगाणं गायची साळूबाईंना सवय नव्हती. "बरं चाललंय, देवाच्या दयेनं."

"ते दिसतंच आहे." त्यानं कागदावर शेरा मारला. "पगार गरजूंसाठी असतो, आजी."

साळूबाईंचा चेहरा उतरला. "साहेब, यातलं काहीच माझं नाही हो. सगळं शेजारणीचं आहे."

"मग अशी शेजारीण असताना तुम्ही निराधार कशा?" त्यानं कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन फटफटीला किक मारली.

रंजना पंखा न्यायला आली. "मावशी, झालं ना काम?"

तिच्या उजळलेल्या तोंडाकडं बघून साळूबाईंना खरं सांगवेना. कपबशा पदरानं पुसून तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "झालं बाई. तुझ्यामुळंच."