जागेवर नसलेली फाइल

कोर्टाचा निकाल दुपारी लागला. दत्तक गेलेल्या प्रत्येकाला अठरा वर्षं पूर्ण झाली, की आपली मूळ फाइल बघायचा हक्क. कुणी अडवायचं नाही. रेकॉर्ड रूममध्ये हेडक्लार्क म्हणाले, "बाई, कंबर कसा. उद्यापासून खिडकीवर नुसती झुंबड उडणार." बाई हसल्या खऱ्या, पण त्यांची नजर वरच्या फळीकडे गेली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी वरच्या फळीवरची एक फाइल काढली आणि डब्याच्या पिशवीत कोंबली. नोकरी गेली तर गेली! 'फाइल सापडत नाही' म्हटलं की माणूस चार खेटे घालतो आणि गप्प बसतो, हे बावीस वर्षं त्या खिडकीत बसलेल्या बाईंना कुणी सांगायला नको होतं. घरी आल्याआल्या त्यांनी ती आपल्या कपाटात, जुन्या स्वेटरांच्या तळाशी सरकवली.

तरी आठ दिवस, खिडकीवर कुणी तरुण मुलगी येऊन उभी राहिली की त्या आधी तिचा चेहरा न्याहाळायच्या. ओळखीचा चेहरा काही आला नाही. नवव्या दिवशी बाई पहिल्यांदाच जरा निवांत मनाने घरी परतल्या.

लेक पलंगावर बसली होती. शेजारी स्वेटरांची नीट घडी घातलेली चळत होती.

"तुला कधी उसंत नसते, म्हणून म्हटलं आज तुझं कपाट आवरून टाकावं," ती म्हणाली. मग तिने मांडीवरची फाइल उघडली.



"आई, या फाइलीत माझा फोटो कसा गं?"