सिनेटमध्ये म्हैस

ओहायोतल्या शाळेत राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेच्या संसदेतल्यासारखी वर्गाचीच सिनेट भरली होती. बोलणारा सदस्य खाली बसेपर्यंत मतदान नाही, हा सरांनी सांगितलेला नियम खरंच चालतो का, हे बघायची कराडहून नुकत्याच आलेल्या केतकीला भारी उत्सुकता होती. जेवणाची सुटी कमी करणारं विधेयक मतदानाला आलं, तशी ती उभी राहिली.

“सर, काहीही बोललं तर चालतं?”

“काहीही. फक्त थांबायचं नाही.”

चार मिनिटांत तिचं इंग्रजी संपलं. मग तिने सरळ मराठीत सुरुवात केली. मुलं आधी हसली, मग कान देऊन ऐकू लागली. सरांनी नियमांचा कागद वरखाली पाहिला; त्यात भाषेबद्दल काहीच नव्हतं.

घंटा झाली, मतदान राहूनच गेलं आणि विधेयक बारगळलं. ते मांडणारा केव्हिन तिच्याकडे आला.

“एवढं काय सांगत होतीस?”

“मामाची म्हैस विहिरीत पडली, त्याची गोष्ट.”

“मग? निघाली वर?”

दारापर्यंत गेलेली मुलंही मागे फिरली. केतकी बाकावर टेकली आणि अडखळत्या इंग्रजीत म्हणाली, “बसा. आधी विहीर केवढी होती ते सांगते.”